साखरेच्या पाण्यातला खडू

गंगापूर रोडवरून आत वळलं की मी शिकवते त्या क्लासच्या इमारतीसमोर एक चौक लागतो. त्या चौकात, औषधांच्या दुकानाच्या भिंतीवर, लोखंडी चौकटीतला एक काळा फलक होता. कधीकाळी तिथल्या तरुण मंडळाने तो लावला होता. तरुण नोकऱ्यांना लागले, पुण्याला गेले, पोटं सुटली, आणि फलकावर वर्षभरात दोनच गोष्टी लिहिल्या जाऊ लागल्या: गणपतीचा कार्यक्रम आणि कुणाचा तरी दशक्रिया विधी. बाकी वेळ तो कोरा असायचा. कोरा फलक दिसला की माझ्या हाताला खाज सुटते. हे घरातूनच आलंय.

माझे वडील नाशिकरोडच्या एका लहानशा छापखान्यात कामाला होते. आमच्या वस्तीतलं प्रत्येक पत्रक त्यांच्या हातून जायचं. नळाला पाणी नाही, पत्रक. वाचनालयाची जागा हडपली, पत्रक. कारखान्याच्या गेटवर सभा, पत्रक. उरलेले गठ्ठे घरी यायचे. पत्रकं एकाच बाजूला छापलेली असायची, म्हणून आई ते पाठकोरे कागद दाभणाने शिवून मला वह्या करून द्यायची. गुलाबी, पिवळा, पातळ कागद. मी 'क' गिरवायची तेव्हा खालून उलटी अक्षरं दिसायची. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मी सुलट वाचण्याआधी उलटे ओळखायला शिकले.

वडील फलकही लिहायचे. खडू रात्रभर साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवायचे. त्याने लिहिलेलं अक्षर वाळलं की पांढरंशुभ्र उठतं आणि हात लागून, वाऱ्याने, सहज पुसलं जात नाही. बाजारात रंगीत पेन आले, छापील फ्लेक्स आले, पण वडिलांचं मत बदललं नाही. "फ्लेक्सवर वाढदिवस लिहितात," ते म्हणायचे, "फलकावर बातमी लिहितात."

तर त्या कोऱ्या फलकासाठी मी औषधवाल्या काकांना विचारलं. मंडळातले तेच एकटे मागे उरले होते.

"लिही ना," ते म्हणाले. "फक्त राजकारण नको."

"इतिहास लिहीन. आपल्या जिल्ह्याचा. दर रविवारी."

"मग तर प्रश्नच नाही. इतिहासाला कोण विरोध करणार?"

हे ते अगदी मनापासून म्हणाले होते. मला नंतर ते वाक्य खूप वेळा आठवलं.

मी शनिवारी संध्याकाळी लिहायची आणि रविवारी सकाळी फिरायला निघालेली माणसं वाचायची. येवल्यावर लिहिलं तेव्हा मागावर बसणाऱ्या माणसाबरोबर घरात कांड्या भरणाऱ्या बायकांवरही लिहिलं. देवळ्याच्या कांद्याच्या बाजारावर लिहिलं. या रस्त्याच्या दुतर्फा इमारतींच्या जागी कोणती शेतं होती, ती कोण कसत होतं, तेही लिहिलं. लोक मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. एक निवृत्त शिक्षक ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे आणि चूक न सापडल्याने नाराज होऊन जायचे. "छान उपक्रम आहे," सगळे म्हणायचे. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सगळ्यांना छान वाटतंय याचा अर्थ मी अजून कुणाच्याही दारापर्यंत पोचले नव्हते.

मग मी बहात्तरच्या दुष्काळावर लिहिलं. ओळ अशी होती: 'या दुष्काळात शासनाने जिल्ह्यात अनेक पाझर तलाव बांधले.' रविवारी सकाळी क्लासला आले तर फलकासमोर एक आजी उभ्या. डोक्यावर पदर, पायात मुलाने घेतलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. हवेत बोट फिरवत एकेक अक्षर वाचत होत्या.

"हे तू लिहितेस का गं?"

"हो आजी."

"मग खोटं कशाला लिहितेस?"

मी फलकाकडे बघितलं. काय खोटं?

"शासनानं तलाव बांधले म्हणे. शासन कधी आलं होतं तिथं घमेलं उचलायला? मी तर नाय पाहिलं."

त्या समोरच्याच सोसायटीत मुलाकडे राहायच्या. माहेर-सासर दोन्ही देवळ्याकडचं. लग्न होऊन आल्या आणि पुढच्याच वर्षी बहात्तर उजाडलं. घरची जमीन होती, बैल होते, आणि तरीही सगळं घर तलावाच्या कामावर गेलं, कारण विहिरीत आणि कणगीत दोन्हीकडे काहीच नव्हतं.

मला लाज वाटली. पत्रकं वाचून वाढलेली मी, आणि लिहिलं काय तर सरकारी अहवालातलं वाक्य. मी तिथल्या तिथे रुमालाने 'शासनाने' हा शब्द पुसायला गेले. पुसला जाईना. साखरेच्या पाण्यातला खडू.

आजी खुदकन हसल्या. "खोटं बरं चिकटून बसलंय!"

घरी वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आधी कोरड्या फडक्याने घासून काढ. मग ओलं मार. मग परत कोरडं. घाईने नुसतं ओलं फडकं मारलंस तर गेल्यासारखं दिसेल, पण वाळलं की परत वर येईल."

त्या दिवसापासून आजी रविवारी क्लास सुटायची वाट बघत औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसायला लागल्या. मी शेजारी बसायची. त्या सांगायच्या, मी ऐकायची. खडी कशी फोडायची ते त्यांनी पायरीवर मूठ आपटून दाखवलं. दगड निसटू नये म्हणून त्याभोवती चिंध्यांचं कडं ठेवायचं, तरी हातोडी अंगठ्यावर बसायचीच. खायला गूळ-पिठाची सरकारी सुकडी मिळायची. आणि सासूबाईंचा हुकूम होता, पदर तोंडावरून खाली आला पाहिजे. घरंदाज घरातली सून खडी फोडते हे सोयऱ्याधायऱ्यांना कळता कामा नये.

"सगळ्याच तोंड झाकून. कोण कोणाची सून, काय कळेना. मग आम्ही हातावरनं ओळखायचो. गोंदण बघायचं, बांगड्या बघायच्या. एकदा माझीच नणंद शेजारी बसलेली, दुपारपर्यंत कळलं नाय मला. मी तिच्याच आईची नक्कल करून दाखवत होते तिला!"

"मग?"

"मग काय? हसली ती. पदराखालून हसली म्हणून आवाजावरनं कळलं."

एका रविवारी त्यांनी विचारलं, "तुझं आडनाव काय गं?"

मी सांगितलं. माझं आडनाव ऐकल्यावर या भागातली माणसं काय करतात ते मला पाठ आहे. काही लगेच विषय बदलतात, काही एकदम जास्तच गोड बोलायला लागतात. आजींनी दोन्ही केलं नाही. बुटाची नाडी सुटली होती तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तुला पिंपाचं सांगायला पाहिजे."

कामावर पिण्याच्या पाण्याची पिंपं दोन होती. एक त्यांचं, एक 'तुमच्या लोकांचं'. त्या तसंच म्हणाल्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही. दगड एकत्र फोडायचे, पाट्या एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जायच्या, हाताला हात लागायचा, त्याचं कुणाला काही नाही. तहान लागली की मात्र वेगळं.

"लिहिशील का हे?"

"लिहीन. पण आधी गावात जाऊन विचारीन."

"माझ्यावर विश्वास नाय?"

"आहे. पण एकाच्याच तोंडचं छापायचं नाही, असा आमच्या घरचा नियम आहे."

"बरा हाय नियम," त्या म्हणाल्या. "पण येत्याच रविवारी लाव फलकावर."

मी एसटीने देवळ्याला गेले आणि तिथून जीपने त्यांच्या गावी. तलाव अजून आहे. बांधावर उभं राहिलं की खाली कांद्याची हिरवी, वाफ्यावाफ्यांची शेतं दिसतात, त्यातल्या विहिरींना पाणी या तलावातूनच झिरपतं. बांधाच्या टोकाला कोनशिला आहे. तिच्यावर पुढाऱ्यांची नावं आहेत, अध्यक्षांची आहेत, उपस्थितांचीही आहेत. दगड ज्यांनी फोडला त्यांच्याबद्दल त्या दगडावर एक अक्षर नाही.

गावातल्या एका ओट्यावर दोन म्हाताऱ्या जावा बसल्या होत्या. मी विचारताच थोरली म्हणाली, "नाय बाई. आमच्या घरातल्या बायका कुठं गेल्या कामाला! गरिबाघरच्या गेल्या असतील."

धाकटी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आणि मग तुमच्या अंगठ्याचं नख कशानं गेलं वो? भाकरी थापून?"

थोरलीने अंगठा मुठीत दडवला. मग थोड्या वेळाने स्वतःच उघडून मला दाखवला.

तिथून मी आमच्या वस्तीत गेले. आमची म्हणजे माझी नव्हे, पण प्रत्येक गावाच्या कडेला ती असते आणि तिथे गेलं की मला कुणी 'कोण तुम्ही' असं फार वेळ विचारत नाही. तिथल्या एका वृद्ध काकांनी पिंपाचं ऐकलं आणि मान डोलावली. पाणी एकाच विहिरीचं होतं, ते म्हणाले. एकाच बैलगाडीतून यायचं, आणि ती गाडी आमचीच माणसं भरायची. "भरायला आमचे हात चालायचे. प्यायला नाय." त्यांनी मला चहा पाजला.

शनिवारी मी फलक लिहिला. लिहिण्याआधी मजकूर आजींना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. "माझं नाव नको. पण सांगणारी याच सोसायटीत राहते, हे लिही. नायतर लोक म्हणतील, पोरीनं मनाचं लिहिलं."

म्हणून मी लिहिलं:

'देवळ्याजवळचा पाझर तलाव कोणी बांधला? गावातल्या बायकांनी. बहात्तर साली, तोंडावर पदर ओढून, कारण घरंदाज बाईने खडी फोडणं ही लपवायची गोष्ट होती. पाणी एका विहिरीचं होतं, पिंपं दोन होती. तलाव आजही पाणी देतो. कोनशिलेवर यांच्यापैकी कुणाचंही नाव नाही. हे सांगणारी बाई समोरच्या सोसायटीत राहते आणि तिला हे सांगायची लाज वाटत नाही.'

शेवटचे चार शब्द माझे नव्हते. तेही आजींनीच त्या दुरुस्तीच्या जोडीला सांगितले होते.

हात धूत होते तोवर त्यांचा मुलगा आला. बांधकामाच्या साहित्याचा व्यापारी, सोसायटीचा सेक्रेटरी. आवाज मऊ.

"मॅडम, हे पुसा."

"का?"

"उद्या माझ्या मुलीचा साखरपुडा आहे. इथेच, आमच्या हॉलमध्ये. सोयरे सकाळी येणार, आणि समोरच हे. आमची आई खडी फोडत होती, हे त्यांना आल्या आल्या वाचायला लावू?"

"यात एकही शब्द खोटा आहे का?"

"खरं-खोटं हा प्रश्नच नाही. इतिहास म्हणजे किल्ले लिहा, लेणी लिहा. परवा पैठणीवर लिहिलंत, किती छान होतं. लोकांच्या घरात कशाला शिरता?"

"मी घरात शिरले नाही. तलावावर गेले होते."

"आणि ते पिंपांचं? आता सगळं नीट चाललंय ना? कशाला जुन्या गोष्टी उकरायच्या?"

मला राग आला की माझा आवाज खाली जातो, हे माझ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. "तुम्ही खडी विकता ना?" मी म्हणाले. "घरात खडी विकलेली चालते. फोडलेली चालत नाही. असंच ना?"

त्याचा मऊपणा गेला. "फलक मंडळाचा आहे. तुमचा नाही."

"मग मंडळाला पुसू दे. मी पुसणार नाही."

साखरपुड्याचं मला माहीत नव्हतं. आजींना माहीत होतं, घरचंच कार्य. त्यांनी हाच रविवार का निवडला ते मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

सकाळी मी चौकात पोचले तेव्हा फलक काळाभोर होता. ओला, चकचकीत. सोसायटीचा वॉचमन बादलीत फडकं पिळत होता. "सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलं ताई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पाहुण्यांच्या गाड्या येतच आहेत."

मी इतकी संतापले होते की क्लासमध्ये जाऊन शिकवणं शक्यच नव्हतं. तिथेच उभी राहिले. दुसरा खडू आणून पुन्हा लिहावं, मोठ्या अक्षरात लिहावं, डांबरावर लिहावं, काय काय मनात आलं. आणि मग बादलीकडे लक्ष गेलं. एक बादली, एक ओलं फडकं. कोरडं फडकं कुठेच नव्हतं.

मी पायरीवर बसले. ऊन औषधांच्या दुकानाच्या भिंतीवर यायला अजून थोडा अवकाश होता.

गाड्या आल्या. पैठण्या, फेटे, मिठाईचे खोके, फळांच्या करंड्या. पाहुणे फाटकाशी उतरून मागच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. सेक्रेटरी हात जोडून सगळ्यांना आत बोलावत होता. ऊन भिंतीवर आलं. फलकाच्या वरच्या कडेपासून पाणी सुकायला लागलं, आणि त्याबरोबर अक्षरं वर यायला लागली. आधी 'कोणी', मग 'बायकांनी'. फडक्याचे गोल फराटे पडले होते, पण अक्षर न् अक्षर लागत होतं.

नवऱ्या मुलाचे आजोबा पांढरी टोपी घातलेले, मोठ्याने वाचायची सवय असलेले गृहस्थ होते. ते फलकासमोर आले आणि वाचू लागले. सगळा घोळका ऐकू लागला. वॉचमन तोंड उघडं टाकून बघत होता. सेक्रेटरीने त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्या गरिबाची दया आली.

"हे तर तुमच्याच गावाकडचं दिसतंय," आजोबा म्हणाले.

"असेल काहीतरी जुनं," सेक्रेटरी म्हणाला. "चला, वर चला, चहा गार होतोय."

"असेल काय? हाय!"

आजी फाटकात उभ्या होत्या. मोरपिशी पैठणी आणि खाली तेच पांढरे बूट. "मी होते तिथं. ही सांगणारी बाई म्हणून लिहिलंय ना, ती मी."

पाहुण्यांमधल्या एका बाईंनी सावरून घेतलं. "अहो, तेव्हा वेळच तशी आली होती सगळ्यांवर."

"वेळ आली होती खरं," आजी म्हणाल्या. "पण तलाव काय वेळेनं बांधला नाय. आम्ही बांधला."

"आई, वर चल," मुलगा हळूच म्हणाला.

आजोबा अजून वाचतच होते. पिंपांच्या ओळीवर अडकले. "हे मात्र कशाला लिहायला पाहिजे होतं? त्या काळी तसंच होतं."

आता आजी बदलतील, असं मला वाटलं. खडी फोडल्याचं सांगण्यात अभिमान तरी असतो. पिंपाचं सांगण्यात काय मिळणार होतं? समोर नातीचे सासरचे उभे, बाजूला स्वतःचा मुलगा. 'होय, तसंच होतं' एवढं म्हटलं असतं तर सगळे वर चहाला गेले असते.

"तसंच नव्हतं," आजी म्हणाल्या. "आम्ही ठेवलं होतं. पिंप काय आपल्या पायानं चालत नाय आलं. हाई खरं शे."

त्या रागावल्या की माहेरच्या बोलीत जातात, 'आहे'चं 'शे' होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि ही लिहिणारी पोर. सकाळधरनं उन्हात शे. पाणी द्या हिला कोणीतरी."

नात खाली आली होती, साखरपुड्याच्या साडीत. तिने पाहुण्यांसाठी आणलेल्या ट्रेमधला ग्लास उचलला, घोळक्यातून वाट काढत माझ्याकडे आली आणि तो माझ्या हातात दिला. सगळे बघत होते. मी प्याले. यात काही मोठं घडलं असं मी मानत नाही. इतक्या वर्षांचं एका ग्लासात फिटत नाही, आणि फिटलं असं कुणाला वाटू नये म्हणूनच मी हे लिहितेय. मी प्याले, कारण मला तहान लागली होती.

साखरपुडा झाला. आजोबांनी दिवसभर तलावाशिवाय दुसरी कुठलीच गोष्ट काढली नाही, असं नंतर कळलं. जेवण चांगलं होतं, असंही कळलं.

पुढच्या आठवड्यात फलक काढला गेला. भिंतीत स्क्रूची भोकं आणि रंग न लागलेला एक चौकोन तेवढा राहिला. औषधवाले काका माझी नजर चुकवत होते. "इतिहास चालेल म्हणालो होतो गं मी," शेवटी ते म्हणाले, "पण असला नव्हे."

"काका, असलाच असतो," मी म्हणाले. "बाकीची जाहिरात असते."

घरी येऊन सगळं सांगितलं. वडिलांनी कपाटावरून कोऱ्या कागदांचा जुना गठ्ठा काढला, कागद बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "गुलाबी घेऊ की पिवळा?"

आम्ही पिवळा घेतला. फलकावरचा मजकूर जसाच्या तसा, एका बाजूला छापला. दुसरी बाजू कोरी ठेवली. कुणाच्या घरी एखादी मुलगी असेल, तिच्या वहीला उपयोगी पडेल. रविवारी मी गठ्ठा घेऊन त्याच चौकात, त्या रिकाम्या चौकोनाखाली उभी राहिले. बरेच जण हात मागे घेऊन गेले. निवृत्त शिक्षकांनी घेतलं, चष्मा लावून वाचलं, आणि आणखी एक मागितलं.

आजी त्या दिवशी गावी निघाल्या होत्या. गाडी मुलाचीच, चालवायलाही तोच. "देवळ्याच्या स्टँडवर वाटते," म्हणत त्यांनी माझ्याकडून अर्धा गठ्ठा घेतला आणि मांडीवर ठेवून मागच्या सीटवर बसल्या. मुलाने काचा वर केल्या. तो समोर बघत होता, माझ्याकडे नाही, आरशातही नाही.

फाटकापाशी गाडी थांबली. मागची काच खाली आली. आजींनी हात बाहेर काढून वॉचमनला एक पिवळा कागद दिला.

"घे रे," त्या म्हणाल्या. "आता हे पुसून दाखव."